मोठ्यानं वाचा

"उपकृत करावे" हे शब्द मी आजवर किती वेळा लिहिले असतील, देव जाणे. तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. लोकांना अर्ज लिहून द्यायचा माझा धंदा. कोणाचं रेशनकार्ड, कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाची वारस नोंद, कोणाच्या नवऱ्यानं दुसरी करून आणली त्याची तक्रार. माणसांची दुःखं सरकारी मराठीत कोंबायची आणि खाली "आपला नम्र" लिहायचं. टेबलासमोर एक भिंत आहे. कोणतं काम किती दिवसांत झालं पाहिजे, कोणत्या साहेबानं केलं पाहिजे, ते सगळं तिच्यावर रंगवलेलं आहे. लोकांनी सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन थुंकून थुंकून ती भिंत कमरेपर्यंत लाल करून टाकली आहे, आणि दिवसांचे आकडे नेमके त्या लालीखाली गेलेत. मला त्या भिंतीची शिसारी येते, आणि रोज सकाळी मला तिच्याकडेच तोंड करून बसावं लागतं.

ती भिंत वरपासून खालपर्यंत वाचून घेणारी एकच बाई मी पाहिली. पंचफुलाबाई. आता ती नाही, गेल्या उन्हाळ्यात गेली. तिनं एका शिपायाला हाताला धरून भिंतीपाशी नेलं होतं आणि सांगितलं होतं, "वाच. मोठ्यानं वाच." शिपाई वाचत वाचत खाली आला आणि पिचकाऱ्यांपाशी थांबला. "पुढचं दिसून नाही राह्यलं, आजी." तर म्हणाली, "मंग पुस. तुमीच थुकले असान." त्यानं खरंच फडका ओला करून आणला. दोन ओळी पुसल्या आणि साहेबांनी बोलावलं म्हणून पळाला. त्या दोन ओळी आजही बाकी भिंतीपेक्षा जरा उजळ आहेत.

बाई अंगानं काडी. निळ्या काठाचं लुगडं, खांद्याला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी, पिशवीत कागद. मानोऱ्याच्या रस्त्यावर तिचं गाव. आधी लोकांच्या वावरात निंदण-खुरपण, पुढे गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. नवरा लवकर गेला. एकच लेक, सुजाता. पंचफुलाबाईला स्वतःला अक्षर एक येत नव्हतं. गावात बुद्धविहार आहे, तिथं सायंकाळी बायकांना शिकवायला कोणी कोणी यायचं, पण हिनं पाटी हातात धरली नाही. म्हणायची, "मी शिकली तं मी एकटीच वाचीन. मले तं त्यायच्या तोंडून आयकाचं हाय."

हाच तिचा हट्ट. कोणताही कागद समोर आला की तो ज्यानं आणला त्यानंच वाचायचा. मोठ्यानं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. ती डोळे मिटून, उजवा कान पुढे करून बसायची. एखादा शब्द कळला नाही की बोटानं टेबलावर टक करायची. टक झालं की थांबायचं, अर्थ सांगायचा, तिनं मान हलवली की पुढे जायचं. एसटीत कंडक्टरलाही तिकीट वाचायला लावायची. लग्नाची पत्रिका द्यायला कोणी आलं तर पत्रिका छापणाऱ्या प्रेसचं नाव येईपर्यंत त्याला उठू द्यायची नाही. तहसीलमध्ये ती फाटकातून आत आली की बाबू लोक एकमेकांना सांगायचे, "मोठ्यानंवाली आली." कोणी जेवायला जायचं, कोणी लघवीला, एक जण तर फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. मीही मनात म्हणायचो, आली कटकट. आता सज्जनपणाचा आव आणून काय उपयोग.

माझी तिची पहिली गाठ रेशनकार्डाच्या अर्जावरून पडली. कार्डात नातीचं नाव चढवायचं होतं. मी सवयीनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन अर्जदारास उपकृत करावे" इथं टक झालं.

"उपकृत म्हंजे काय?"

"म्हणजे उपकार करावा."

"कोनावर?"

"तुमच्यावर, आणखी कोणावर."

"नात माही, नाव तिचं, धान्य हक्काचं. नाव चढवाचं काम त्यायचं, पगार त्याच्यासाठीच घेतेत. मंग उपकार कायचा? काढा थे."

मी म्हटलं, "आजी, अशी लिहायची पद्धत आहे."

"पद्धत कोनं पाडली?"

पद्धत आम्हीच पाडली, टेबलं टाकून बसलेल्यांनी. एक ओळ जास्त झाली की अर्ज भारदस्त दिसतो. मी उपकृत खोडलं. तिनं मेहेरबान खोडायला लावलं, मग कृपावंत. उरला चार ओळींचा अर्ज: अमुक मुलीचं नाव चढवायचं आहे, कागद जोडले आहेत, नियमाप्रमाणे चढवावं. तिनं तो आत दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतला, शिक्क्यावरची तारीख मोठ्यानं वाचून घेतली आणि गेली. नाव चढलं. माझे भारदस्त अर्ज महिनोन्‌महिने आत सडत होते, आणि हिचा उघडाबोडका अर्ज कामी आला. तेव्हा मला हिचा राग आला होता, हे सांगून टाकतो.

पुढे ती येतच राहिली, बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचं काम घेऊन. पैसे घ्यायची नाही, चहाही घ्यायची नाही. आभार मानलेले तिला आवडायचे नाहीत आणि ती कोणाचे मानायची नाही. तोंडानं फटकळ. एकदा मी विचारलं, "आजी, कागद तुम्हाला ऐकायचाच असतो, तर हळू वाचला तर नाही चालत का? सगळ्या गावाला कशाला ऐकवता?"

तर म्हणाली, "लिवनाऱ्याले लाज नसते, भाऊ. वाचनाऱ्याले येते. म्हून मोठ्यानं."

हे तिचं नेहमीचं वाक्य. ते खरं ठरताना मी पाहिलं आहे. तिच्या गावाशेजारी एक तांडा आहे. तिथली माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, पोरं सोबत जातात, वर्गातली हजेरी बुडते. एका शाळेच्या हेडमास्तरनं सातवीतल्या अशाच एका पोरीच्या बापाला बोलावून तयार कागदावर अंगठा मागितला. पंचफुलाबाई तिथं नेमकी पोचली. कशी पोचली कोण जाणे, पोरींची खबर तिला खिचडीच्या पातेल्यापाशी लागत असे. प्रार्थना नुकतीच संपली होती, सगळी पोरं रांगेत उभी. म्हणाली, "वाचा, गुरुजी. इथंच वाचा, मोठ्यानं." गुरुजींनी घसा खाकरून सुरू केलं. "मी माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला स्वखुशीने" इथपर्यंत आले आणि अडले.

"स्वखुशीनं," पंचफुलाबाई म्हणाली. "कोनाची खुशी हाय? बापाची? बाप तं रडून राह्यला." मग रांगेतल्या पोरीला विचारलं, "पोरी, तुले शाळा सोडाची खुशी हाय का?" पोरीनं मान हलवली, नाही. "गुरुजी, आठवी होयपर्यंत लेकराले शाळेतून काढता येत नाही, असा कायदा हाय म्हंतेत. हाय का नाही? तुमीच सांगा, तुमाले जास्त समजते."

दोनशे पोरांसमोर गुरुजी म्हणाले, आहे. कागद फाडला त्यांनी. मला हे त्या पोरीच्या बापानं सांगितलं. सांगताना हसत होता. मला हसू आलं नाही. शिकलेला माणूस, सकाळी पोरांकडून प्रार्थना म्हणून घेतो, आणि त्याच तोंडानं "स्वखुशीने" लिहितो. घाण वाटते असल्या गोष्टींची.

ठाण्यातली गोष्ट मी स्वतः पाहिली, कारण त्या बाईची तक्रार लिहून देणारा मीच होतो. नवऱ्यानं पाट्यानं मारलं होतं, पुढचे तीन दात गेलेले, पदर तोंडाला लावून बसलेली. हवालदारानं माझा कागद बाजूला सारून स्वतःच्या शब्दांत जबाब लिहिला आणि बाईपुढे सही करायला सरकवला. पंचफुलाबाईनं कागदावर तळहात ठेवला. म्हणाली, "लिवलेलं वाचून दाखवा लागते, तुमचाच कायदा हाय. आन त्याची नक्कल फुकट द्या लागते." हवालदार चिडला, पण आत साहेब बसले होते, म्हणून त्यानं वाचलं. "पतिपत्नीमध्ये घरगुती कारणावरून किरकोळ वाद झाला असून."

टक.

"किरकोळ म्हंजे?"

"लहानसा."

पंचफुलाबाईनं त्या बाईचा पदर बाजूला केला. "तोंड उघड, माय." आणि हवालदाराला म्हणाली, "यातला किरकोळ कोनता? मोजा." त्यानं मोजले नाहीत, पण जबाब पुन्हा लिहिला. या वेळी तीन दात, पाटा, नवऱ्याचं नाव, सगळं आलं. नक्कल मिळाली. बाहेर आल्यावर पंचफुलाबाई नळावर गेली आणि तो तळहात कितीतरी वेळ घासून धूत राहिली. काही लागलं नव्हतं हाताला. तिला किळस आली की ती हात धुवायची, एवढंच.

हा हट्ट आला कुठून, ते तिनं एकदाच सांगितलं. पोळ्याचा दिवस होता, तहसील रिकामी होती. मी सहज म्हटलं, "आजी, तुम्हाला स्वखुशी या शब्दाचा भलताच राग."

"सुजाता झाली तवा माह्या अंगात रगत नव्हतं," ती म्हणाली. "दवाखान्यात ठेवलं मले. एका बाईनं कागद आनला. म्हने, अंगठा दे, औषिधाचा हाय. देल्ला मी. मंग दोन वर्सं, तीन वर्सं, पोर होईना. सासू बोले, नवरा बोले. दुसऱ्या डॉक्टरनीनं पाह्यलं तं म्हने, बाई, तुहं तं नसबंदीचं ऑपरेशन झालं हाय. मी म्हनलं, कोनं केलं? तिनं जुना कागद काढला. त्याच्यावर लिवलं होतं, स्वखुशीनं. आन खाली माहा अंगठा."

तिनंच पुढे म्हटलं, "थ्या बाईनं मले जर का मोठ्यानं वाचून दाखवलं असतं ना, तिची जीभच रेटली नसती."

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी. इथपर्यंत मी लांबवली, कारण ती सांगायला मलाच नको वाटतं.

सुजाताचा नवरा काविळीनं गेला. दोन वर्षांनी सासरा गेला. सासऱ्याच्या नावावर पाच एकर वावर, सगळं सोयाबीनचं. त्याचे वारस तीन: सासू, दीर देवानंद, आणि मेलेल्या लेकाच्या जागी सुजाता आणि तिची पोरगी. वारस नोंद करायची म्हणून देवानंद सुजाताला घेऊन तहसीलला आला. सोबत पंचफुलाबाई असणारच. देवानंदानं दुसरीकडून टाईप करून आणलेला एक कागद काढला. वर मथळा होता, संमतीपत्र. तो म्हणाला, "वारस नोंदीले लागते हे. सुजाताची सही पाह्यजे फक्त."

पंचफुलाबाईनं तो कागद माझ्यापुढे ठेवला. "वाचा, भाऊ. मोठ्यानं."

ज्यानं आणला त्यानंच वाचायचा हा तिचा नेम. पण देवानंद म्हणाला की चष्मा घरी राहिला, आणि तिचा माझ्यावर भरवसा बसला होता. दुपारचा दीड वाजला होता. माझा डबा टेबलाखाली होता, मागे सहा माणसं थांबलेली. मी वाचायला लागलो. मयत या शब्दाला टक. एकत्र कुटुंब, टक. क्षेत्र हेक्टर आर, टक. मला घाम सुटला होता. खालून तिसऱ्या ओळीपाशी आलो. देवानंद माझ्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, थे खालचं नुसतं कायद्याचं बोलनं हाय. सोडा. नाहीतं बुढी संध्याकाळ करीन."

खाली लिहिलं होतं: "सदर मिळकतीतील माझा व माझ्या अज्ञान मुलीचा हक्क मी दीर यांच्या लाभात स्वखुशीने सोडत असून पुढे कोणतीही हरकत घेणार नाही."

मी ते वाचलं. डोळ्यांनी वाचलं. आणि तोंडानं म्हणालो, "येणेप्रमाणे संमतीपत्र लिहून दिले असे."

मला कोणी पैसे दिले नव्हते. दिले असते तर निदान काहीतरी कारण सांगता आलं असतं. मला भूक लागली होती आणि म्हातारीचा कंटाळा आला होता. शिवाय मला ठाऊक होतं की असल्या न नोंदवलेल्या कागदानं बाईचा हक्क जात नाही, त्याला रीतसर दस्त करावा लागतो. हेही ठाऊक होतं की खालच्या तलाठी-बाबूंना ते ठाऊक नसतं, किंवा असलं तरी ते कागदाला कागद लावून मोकळे होतात. मला सगळं ठाऊक होतं आणि मी डबा उघडला.

तुम्ही म्हणाल, सुजाता शिकलेली होती ना. होती, सातवीपर्यंत. कागद तिच्या हातात होता, तिला वाचता येत होता. पण लहानपणापासून तिनं पाहिलं होतं की मायच्या कानावरून गेलेला कागद खरा. मायनं मान हलवली, तिनं सही केली. दुसऱ्या कोणत्याही घरात पोरीनं एकदा नजर तरी फिरवली असती. या घरात नाही फिरवली. पंचफुलाबाईनं सवयीनं कागदाची एक झेरॉक्स मागून पिशवीत घातली.

काही दिवसांनी तलाठ्याकडून सुजाताला नोटीस आली. फेरफाराची नोंद धरली आहे, हरकत असेल तर पंधरा दिवसांत द्या. नोटिशीत वारस म्हणून दोनच नावं होती, सासूचं आणि देवानंदाचं. सुजातानं ती मायला वाचून दाखवली. मग पिशवीतली झेरॉक्स काढली आणि तीही वाचून दाखवली, शेवटपर्यंत.

नोटिशीची मुदत संपायला तीन दिवस होते तेव्हा पंचफुलाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एकटी. बाजाराचा दिवस, माझ्याकडे गर्दी. तिनं शिवी दिली नाही. पिशवीतून झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली.

"वाचा."

मी म्हटलं, "आजी, जरा बाजूला बसू, मी सांगतो."

"बाजूले नाही. इथंच. मोठ्यानं."

मी वाचलं. मयत आलं, एकत्र कुटुंब आलं, टक झालं नाही. सगळे शब्द आता तिला येत होते. खालून तिसरी ओळ आली. माझा आवाज खाली गेला तर म्हणाली, "आयकू नाही येऊन राह्यलं." मी पुन्हा वाचलं. हक्क. दीर यांच्या लाभात. स्वखुशीने. माझ्या तोंडाला असली चव आली की थुंकावंसं वाटलं, आणि समोर ती लाल भिंत.

"हे तवा कागदात होतं?"

"होतं."

"तुमाले दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

तिनं डोळे उघडले. म्हणाली, "लिवनाऱ्याले लाज नसते, वाचनाऱ्याले येते, असं मी जगाले सांगत फिरली. चुकलीच मी." मग खुर्ची ओढून बसली. "आता लिवा. पह्यले सुजाताची हरकत. मंग तुमचं."

"माझं काय?"

"लिवा का मी थे तीन ओळी वाचल्या नाही. जानून वाचल्या नाही."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "आजी, हे मी सही करून दिलं तर उद्यापासून माझ्या टेबलावर कोण येईल?"

"येऊच नये," ती म्हणाली.

मी लिहिलं. हरकत लिहिताना कलम, दस्त, नोंदणी, जे माहीत होतं ते सगळं घातलं, कारण ते मला त्या दिवशीही माहीत होतं. मग स्वतःचा जबाब लिहिला. आयुष्यात इतका छोटा कागद मी लिहिला नव्हता. त्यात उपकृत नव्हतं, नम्र नव्हतं. तिनं तो मलाच मोठ्यानं वाचायला लावला. "जाणूनबुजून" या शब्दावर एकदाच टक झालं.

"हे बराबर लिवलं ना?"

"बरोबर लिहिलं."

दुसऱ्या दिवशी हरकतीवर सुजाताची सही आणून दोन्ही कागद तिनं स्वतः आत नेले, पोच घेतली. देवानंद संध्याकाळी माझ्या घरी येऊन बोलून गेला, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढे मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली. साहेब आधी म्हणाले की सही तर बाईचीच आहे. मग माझा जबाब पुढे आला. त्यांनी मला विचारलं, हे तुम्ही लिहिलंय? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी आजवर त्या भिंतीकडे बघत आलो आहे. कागद नोंदवलेला नाही, हक्क सुटलेला नाही, सुजाता आणि मुलीचं नाव घ्यावं, असा निकाल त्यांनी दिला. पंचफुलाबाईनं तो निकाल त्यांना मोठ्यानं वाचायला लावला, आणि त्यांनी वाचला.

सातबाऱ्यावर नाव चढलं. सुजाता आता स्वतःच्या वाट्यात पेरते. माझ्याकडची गर्दी काही महिने आटली, मग परत आली. लोकांना दुसरीकडे जायची सोय नसते, म्हणून आली. माझं काही वाईट झालं नाही, आणि त्याचीही मला शिसारी वाटते.

बदलली ती पंचफुलाबाई. तिनं नवा नेम काढला. कागद दोन माणसांनी वाचायचा, आणि ती दोघं एकमेकांशी न बोलणारी असली पाहिजेत. फाटकापलीकडे बसणारा दुसरा अर्जनवीस आणि मी, आमचं वाकडं आहे हे आवारात सगळ्यांना माहीत. ती आधी त्याच्याकडून वाचून घ्यायची आणि मग तोच कागद घेऊन माझ्याकडे यायची. वाचून झालं की पिशवी उचलून चालू पडायची. बाबू लोक हसायचे. त्यांचीही नंतर पंचाईत झाली, कारण ती एकाच कार्यालयातल्या दोन भांडणाऱ्या बाबूंकडून तेच पत्र दोनदा वाचून घ्यायला लागली. "एकानं वाचलं म्हंजे कागदात हाय असं नसते," ती म्हणायची.

शेवटची मी तिला पाहिली ती दवाखान्यात. माझ्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मी तिथं. बायकांच्या वॉर्डापुढून जाताना खाटेवर ती दिसली. आणखी बारीक झालेली, पिशवी उशाशी. सुजाता रक्ताची सोय करायला खाली गेली होती. गर्भपिशवीत गाठ निघाली होती, पिशवी काढायची होती. मी खाटेपाशी जाऊन उभा राहिलो. तीच म्हणाली, "जवा इचाराचं होतं तवा कोनी इचारलं नाही. आता इचारून राह्यले."

तेवढ्यात सिस्टर संमतीचा कागद आणि शाईचं पॅड घेऊन आली. पंचफुलाबाई म्हणाली, "वाचा, माय. मोठ्यानं." सिस्टरच्या हातात आणखी चार कागद होते. मला म्हणाली, "काका, तुम्ही यांचेच ना? तुम्ही वाचून दाखवता का? मी दोन मिनिटांत येते."

यांचेच. पंचफुलाबाईनं माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून उजवा कान पुढे केला.

मी वाचलं. दवाखान्याचं नाव, अर्जाचा नमुना क्रमांक, रुग्णाचं नाव, वय. कोणता अवयव काढणार, भूल कोणती, काय धोका होऊ शकतो, जीवाला काय होऊ शकतं, ते सगळं. कंसातलं वाचलं. रिकाम्या जागांपाशी "इथं रिकामी जागा आहे" असं म्हणालो. "मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आले असून मी स्वखुशीने" इथं थांबलो. टक होईल असं वाटलं. झालं नाही. शेवटी तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचा काहीतरी आकडा होता, तोही वाचला. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

सिस्टर परत आली. पॅड उघडलं. "झालं ना, आजी? द्या अंगठा."

"आता तुमी वाचा," पंचफुलाबाई म्हणाली.

"अहो, काकांनी वाचलं ना सगळं."

"वाचलं. तुमी वाचा."

सिस्टरनं एक उसासा टाकला आणि वाचायला लागली, पहिल्यापासून. मी खाटेच्या पायथ्याशी उघडं पॅड धरून उभा होतो. तिनं वाचलं ते शब्दाला शब्द माझ्यासारखंच होतं. शेवटपर्यंत झालं. पंचफुलाबाईनं डोळे उघडले, अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला.

"सारखंच हाय," ती सिस्टरला म्हणाली. मला नाही.